फळ्यावरच्या चव्वेचाळीस किल्ल्या

वकिलानं, म्हणजे दादाच्या धाकट्या भावानं, नूतनीकरण कार्यालयात आधीच होकार देऊन ठेवलाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; ठाऊक नव्हतं ते एकट्या दादाला. या घराची रीतच तशी. ज्याच्यावर बेतणार त्याला सगळ्यात शेवटी कळायचं. त्यामुळे रविवारी दुपारी तीन वाजता मंडळी दुकानात जमली, तेव्हा दादा सोडून सगळ्यांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे होते.

दुकान म्हणजे गल्लीच्या टोकाची एक अरुंद खोली. दारालगत टेबल, टेबलाला किल्ली आवळून धरणारा शेगडा, शेगड्यात अर्धी घासलेली किल्ली, आजूबाजूला पितळेचा कीस. एकुलत्या खुर्चीत आत्या बसली होती. वहिनी पायरीवर; धाकटी, म्हणजे वकिलाची बायको, भिंतीला टेकून उभी. त्या दोघांचं बिऱ्हाड वेगळं. वकील मात्र बसेना, उभाही राहीना. दोन पावलांच्या जागेत येरझाऱ्या घालत होता.

“पाच वाजता बाई येतील,” तो म्हणाला. “कागद घेऊन.”

“कुठल्या बाई?” दादानं कानस चालू ठेवूनच विचारलं.

“आमच्या मोठ्या साहेब.”

“कशाला?”

शेवटी आत्यानंच तोंड उघडलं. ऐंशी उलटलेली, ऐकू कमी यायचं, पण नको ते अगदी स्वच्छ ऐकू यायचं. “अरे, त्यानं फळा देतो म्हणून सांगितलंय तिकडं. पंधरा दिवस झाले.”

कानस थांबली. दादानं आधी भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. वहिनीनं मान खाली घातली, तेव्हा त्याला कळायचं ते कळलं.

फळा म्हणजे मागच्या भिंतीवरचा तो लाकडी फळा. दोन ओळी, प्रत्येकीत बावीस खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक किल्ली. अण्णांची, म्हणजे या भावांच्या वडिलांची ही पद्धत. गल्लीत कोणी नवं कुलूप घेतलं की तीन किल्ल्या करायच्या. दोन मालकाला, तिसरी फळ्यावर. किल्ली हरवली, आग लागली, माणूस आतल्या आत चक्कर येऊन पडला, तर कुठं धावायचं ते सगळ्यांना माहीत. दारात उभं राहिलं की गल्ली जशी दिसते, डावीकडून उजवीकडे, त्याच क्रमानं किल्ल्या टांगलेल्या. समोरची बाजू वरच्या ओळीत, आपली खालच्या. ना नाव, ना नंबर. चोर शिरला तर त्याला चव्वेचाळीस खिळे दिसावेत, चव्वेचाळीस दुकानं दिसू नयेत, असं अण्णा म्हणायचे. आणि नियम एकच: ज्यानं किल्ली दिली, त्याच्याच हातात ती परत जाईल.

आता त्या चव्वेचाळिसांतली नऊ दुकानं उघडी होती. पंख्यांचा कारखाना बंद पडला, कामगार पांगले, आणि त्यांच्या मागोमाग एकेक शटर खाली आलं. कोणी सांगून गेलं, कोणी न सांगता. किल्ल्या मात्र सगळ्यांच्या इथंच राहिल्या.

“मला न विचारता?” दादा म्हणाला.

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास.”

“म्हणजे विचारायचं ते हो ऐकण्यापुरतंच?”

“हे बघ दादा, शांतपणे ऐक. नोटिसा पाठवून झाल्या. निम्म्या परत आल्या, निम्म्यांना उत्तरच नाही. पाच वर्षांच्या वर बंद असलेलं दुकान कार्यालयाला उघडता येतं, तसा हुकूम आहे. पलीकडच्या गल्लीत त्यांनी कुलपं कापली, शटरं वाकली, पेपरात फोटो आले, नाचक्की झाली. म्हणून त्यांना इथं तोडफोड नकोय. किल्ल्या दिल्या तर हे दुकान दहा वर्षं आपल्याकडे राहील, लेखी. नाही दिल्या तर गल्लीच्या तोंडाशी चौक करायचाय. आणि गल्लीच्या तोंडाशी कोण आहे? आपण.”

“म्हणजे धमकी.”

“नकाशा आहे, दादा. धमकी नाही.”

“कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?” दादा आत्याला म्हणाला, पण शब्द वकिलासाठीच होते, आणि ते त्याला लागले.

वकील हे नाव आत्यानं ठेवलेलं. लहानपणी प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालायचा म्हणून. कोर्टाची पायरी त्यानं आयुष्यात चढली नव्हती. कारखान्यात एकोणीस वर्षं पंख्याला पाती बसवली, मग सात वर्षं मिळेल ते केलं, आणि गेल्या वर्षी कार्यालयात गल्ली-समन्वयक म्हणून लागला. गळ्यात ओळखपत्र आलं. एक शिपाई त्याला साहेब म्हणाला, तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं होतं, की कोण साहेब आलेत. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. गल्लीचं काम अडलं तर ओळखपत्र जाणार, हेही सांगितलं नव्हतं. बावन्नाव्या वर्षी पुन्हा दारोदार फिरायची ताकद आपल्यात उरली नाही, हे तर तो स्वतःलाही सांगत नसे.

“गल्ली मेलीय, दादा,” तो म्हणाला. “तू एकटा उशाशी बसलायस.”

“लोक परत येतील. शिंपी जाताना मला म्हणाला होता, बस्तान बसलं नाही तर वर्षभरात येतो.”

“त्याला सात वर्षं झाली.”

“म्हणजे बस्तान बसलं असेल. चांगलंच आहे. पण मशीन आत आहे त्याचं. उद्या आला आणि म्हणाला, माझी किल्ली दे, तर काय सांगू? भावाच्या नोकरीसाठी दिली?”

दादाला सगळं कळत होतं तर, असं धाकटीच्या मनात आलं.

वहिनीनं इतक्या वर्षांत दादाच्या विरुद्ध चारचौघांत एक शब्द काढला नव्हता. घरात काढले होते, भरपूर. पण ते घरातलं. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली, “तू का मूग गिळून बसलीस? तुझं काय म्हणणं?”

“माझं काय असायचं?” वहिनी म्हणाली. मग कुणी पुन्हा विचारलं नसतानाही बोलायला लागली. “मी रोज संध्याकाळी यांचा डबा न्यायला येते. पस्तीस बंद शटरं ओलांडून येते. पहिल्यांदा वाईट वाटायचं. मग भीती वाटायची. आता काहीच वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. अहो, तुम्ही कुणाची तरी वाट बघता, म्हणून मीही बघते. माझ्याकडे तर कुणाची किल्लीसुद्धा नाही. मी दमले.”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. वकिलानं काहीही सांगितलं असतं तरी तो वाद घालत बसला असता. पण हिच्यापुढे त्यानं कानस खाली ठेवली.

“तूही?” एवढंच तो म्हणाला.

“मी भावजींच्या बाजूची नाही, तुमच्याही नाही. मला फक्त बसायचंय आता.”

“बसली आहेसच की पायरीवर,” आत्या म्हणाली, आणि एवढ्या ताणातही धाकटीला हसू आलं. आत्याला जोर चढला. “खरं सांगू? हा फळा मला कधीच पटला नव्हता. सगळ्या गल्लीची तिसरी किल्ली इथं, आणि आपल्या दुकानाची तिसरी किल्ली कुठं? इथंच! पहिल्या खिळ्यावर! अरे, बाहेर अडकलात तर जास्तीची किल्ली आत! मी माझ्या भावाला म्हटलं, तू जगाचा शहाणा, आपली किल्ली तरी शेजारी ठेव. तर म्हणे, कुलूपवाल्यानं दुसऱ्याकडे किल्ली ठेवली तर लोक काय म्हणतील? लोकांनी विश्वास ठेवायचा, ह्यानं मात्र कुणावर ठेवायचा नाही.”

“आत्या, अण्णांबद्दल नको.”

“माझा भाऊ होता. मी बोलेन.”

धाकटीनं तेवढ्यात चहा ओतला. या दुकानात चहा ओतण्यापलीकडे आपल्याला कुणी काही विचारत नाही, याची तिला सवय होती. एकदाच तिनं इथं स्वतःहून काम केलं होतं. दादाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तो अकरा दिवस दवाखान्यात होता, तेव्हा ओल आलेली ही मागची भिंत तिनं रंगवून घेतली होती. किल्ल्या क्रमानं दोन तारांत ओवल्या, फळा उतरवला, रंग वाळल्यावर पुन्हा सगळं जागच्या जागी टांगलं. दादा आल्यावर भिंतीकडे बघून म्हणाला होता, छान झालं. या घरात तिला मिळालेली तेवढीच शाबासकी, आणि ती तिनं सहा वर्षं पुरवून पुरवून वापरली होती.

पाच वाजायच्या आतच बाई आल्या. साहेब म्हणण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. बुटांना धूळ, काखेत फाइल, चेहऱ्यावर सकाळपासून चार गल्ल्यांत चार प्रकारे नाही ऐकल्याचा थकवा. वहिनीनं सरकून जागा दिली, तर त्या सरळ पायरीवर तिच्या शेजारीच बसल्या.

“फळा तोच का?” त्यांनी विचारलं.

“तोच,” वकील म्हणाला.

“फळा मिळणार नाही,” दादा म्हणाला.

वकिलानं डोळे मिटले. बाईंनी फाइल उघडली होती ती तशीच मांडीवर ठेवली. “मला असं वाटलं होतं की तुमचं आपसात बोलणं झालंय.”

“आता झालं.”

“हे बघा, तुम्ही कारागीर माणूस. किल्ली नसली तरी तुम्ही कुलूप उघडू शकता. मीही उद्या दुसरा कारागीर आणू शकते. मला ते करायचं नाहीये, म्हणून रविवारी इथं आलेय. घरी माझीही वाट बघतात.”

दादा उठला. हात फडक्याला पुसले. “फळा देणार नाही. पण शटर मी उघडीन. माझ्या हातानं, एकेक. नऊ दुकानांतला कोणीतरी साक्षीला. आत जे असेल त्याची यादी, मालकाच्या नावानं, माझ्या सहीनं. सामान आमच्या माडीवर राहील. किल्ली परत खिळ्यावर. कुणी आलं तर मी सांगू शकेन, तुझं दुकान मी उघडलं, आणि हे तुझं मशीन. हे चालत असेल तर लिहा. नाहीतर चौक करा.”

वकील काही बोलणार होता. वहिनीनं नुसता हात वर केला, तो गप्प बसला. बाई उठून फळ्यापाशी गेल्या.

“नावं नाहीत की नंबर नाहीत. तुम्हाला सगळ्या पाठ आहेत?”

“झोपेतून उठवून विचारा.”

“मग एक उघडून दाखवा. आत्ता. कार्यालयात मला सांगता आलं पाहिजे की हे होऊ शकतं. जमलं तर तुमची अट मी कागदावर लिहिते.”

दादानं वरच्या ओळीतली चौथी किल्ली काढली, डावीकडून. शिंप्याची. तेलाचा डबा घेतला आणि रस्ता ओलांडला. सगळी वरात त्याच्या मागं; आत्यासुद्धा धाकटीच्या हाताला धरून. वकील पळत जाऊन चष्मेवाल्याला साक्षीला घेऊन आला. न्हावी गिऱ्हाईक नव्हतंच म्हणून दारात येऊन उभा राहिला.

कुलपात तेल सोडलं, थोडं थांबला, किल्ली घातली. किल्ली आत गेली, पण फिरेना. गंज असेल म्हणून आणखी तेल. फिरेना. जोर लावला नाही. जोर लावायचा नसतो, हे त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं होतं. किल्ली काढून दात डोळ्यांजवळ नेले.

“ही नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“ही शिंप्याची नाही.”

“चौथीच आणलीस ना?” वकील म्हणाला. त्याच्या आवाजात घाबरणं होतं, टोमणा नव्हता.

“चौथीच.” दादाच्या कपाळावर घाम आला. “हे दात कागदवाल्याचे आहेत. तो तिकडं, त्या टोकाला. शेवटून चौथा.”

धाकटीच्या हातातला आत्याचा हात एकदम घट्ट दाबला गेला. “अगं, मोडशील,” आत्या म्हणाली. पण धाकटीचं लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर ती तार होती. डावीकडून एकेक किल्ली काढून तारेत ओवली. पहिली सगळ्यात खाली गेली. आणि रंग वाळल्यावर वरची, म्हणजे शेवटची, आधी हातात आली, आणि ती तिनं डावीकडच्या पहिल्या खिळ्याला लावली. दोन्ही ओळी. अख्खी गल्ली उलटी.

सांगितलं नसतं तर कदाचित कधीच कळलं नसतं कुणाला. दादाच्या वयावर गेलं असतं.

“दादा, माझ्यामुळे झालंय,” ती म्हणाली. “भिंत रंगवली तेव्हा. तारेतून काढताना उलट्या टोकानं लावल्या गेल्या. सगळ्याच.”

“तू?” वकील ओरडलाच. “अगं, अक्कल—”

“गप रे,” दादा म्हणाला.

तो तसाच परत दुकानात गेला. उजवीकडून चौथी किल्ली घेतली, आला, कुलपात घातली. कुलूप एका दमात उघडलं, जणू काल लावलं होतं. चष्मेवाल्यानं आणि वकिलानं मिळून शटर वर केलं. आत धूळ, खाली कापडाचे तुकडे, आणि मशीन मात्र नव्हतं. टेबलावर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे होते. शिंप्यानं कधीतरी येऊन, आपल्या किल्लीनं उघडून, मशीन नेलं होतं. समोरच्या दाराकडे मान वळवून हाकही मारली नव्हती.

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, “जमलं की.” आणि पायरीवर बसून कागदावरची एक ओळ खोडून त्याजागी दादाची अट लिहायला लागल्या. दादानं सही केली. वकिलानं साक्षीदार म्हणून सही केली. दुकान वाचलं होतं, नोकरी वाचली होती, आणि आनंद झालाय असं कोणाच्याच तोंडावर दिसत नव्हतं. उद्या दहाला सुरू करू, असं ठरवून बाई गेल्या.

धाकटी फळ्यापाशी उभी होती. “दादा, माझं चुकलं. सहा वर्षं तुमचा सगळा फळा मी—”

“सहा वर्षं,” दादा म्हणाला. “अगं, एक जण जरी किल्ली मागायला आला असता, तर त्याच दिवशी कळलं असतं.”

तो हे रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं वहिनीला वाटलं. तो स्टुलावर बसला.

“आणि मी रोज फडकं मारत होतो यांच्यावरून. रोज. या सगळ्या मी घासल्यात, एकेक दात ओळखतो. पण एकदाही नीट बघितलं नाही. तू उलट्या लावल्यास आणि मी उलट्या पुसल्या. चूक तुझी एका दिवसाची. माझी रोजची.”

वहिनी उठून आत आली आणि त्याच्या शेजारी खोक्यावर बसली. वकिलानं गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात घातलं आणि कप गोळा करायला लागला, जे काम त्यानं या दुकानात कधीच केलं नव्हतं.

जरा वेळानं दादानं खणातून तार काढली. “चल, धर टोक.”

“आता कशाला?” वकील म्हणाला. “उद्यापासून उघडायच्याच आहेत ना सगळ्या?”

“उघडायच्या आहेत म्हणूनच. उद्या दहा वाजता पुन्हा तोंडावर आपटायचंय का?”

मग धाकटीनं तारेचं टोक धरलं आणि दादानं किल्ल्या ओवल्या. आधी वरची ओळ, मग खालची. न्हावी, चष्मेवाला, भांडीवाला, बॅटरीवाला. प्रत्येकाचं नाव तो पुटपुटत होता, आणि धाकटी ते मागून म्हणत होती. पहिल्यांदाच कोणीतरी तिला ही गल्ली शिकवत होतं. खुर्चीत आत्याला डुलकी लागली होती.

खालच्या ओळीतली शेवटची किल्ली हातात आली तेव्हा दादा थांबला. आपल्याच दुकानाची. पहिल्या खिळ्यावर असायची ती सहा वर्षं शेवटच्या खिळ्यावर लटकत होती, आणि कुणाला तिची गरज पडली नव्हती.

“ही ओवायची नाही,” तो धाकटीला म्हणाला.

“का? तुटलीय का?”

“नाही.” त्यानं ती फडक्यानं पुसली, दात उजेडाकडे धरून एकदा नीट पाहिले, आणि तिच्या तळहातावर ठेवली. “ही तुझ्या घरी ठेव.”